माळेगाव ते सणसर, दोनदा

आमच्या माळेगाव बुद्रुकमध्ये एक राष्ट्रपती राहतात. एमआयडीसीतल्या डेअरीची रात्रपाळी संपवून सकाळी मोटारसायकलवर येतात, गोठ्यापुढं गाडी लावतात आणि कधीकधी हेल्मेटसकट बाजेवर आडवे होतात. डोळा लागतो न लागतो तोच रस्त्यावरून कुणीतरी हाक मारतं, "ओ राष्ट्रपती, ट्रॉली मागं घ्यायचीय, जरा हात दावायला या." राष्ट्रपती उठतात, हात दाखवतात, ट्रॉली मागं घेतात आणि परत झोपतात.

नाव अविराज. वय वीस, पण चेहऱ्यावरून तिशीचा वाटतो, कारण झोप. स्काऊटमध्ये सगळ्यात वरची पायरी म्हणजे राष्ट्रपती पुरस्कार, तो ह्यानं मिळवला. तेव्हापासून गावानं त्याचं पाळण्यातलं नाव काढून घेतलं. पंधरा ऑगस्टला झेंड्याची गाठ ह्यानं मारायची. यात्रेत गर्दीला दोरी ह्यानं धरायची. कालव्यात शेरडू पडलं तरी ह्यालाच बोलवायचं. शेरडू पोहून वर येतं, हा भिजून घरी येतो.

पण ती पायरी तो चढला कसा, हे गावाला नीट माहीत नाही. मला आहे. कारण त्यातलं निम्मं मला चालावं लागलं, तेही दोनदा.

स्काऊटची शिडी मोठी आहे. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती. मी तृतीय सोपानाला बसलो आणि तिथंच बसून राहिलो. अविराज चढत राहिला. मध्ये कोरोना आला, शिबिरं बंद पडली. आम्ही मोबाईलवर बघून बाजेच्या खुराला गाठी मारायचो आणि त्याचे वडील आबासाहेब रात्री झोपायला आले की त्या सोडत बसायचे. सगळं परत सुरू झालं तेव्हा अविराज बारावीत होता आणि अठरा पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले होते. अठरा झाले की स्काऊटचं वय संपलं. चाचणी शिबिराला ह्या वर्षी नाव गेलं तर गेलं, नाहीतर एवढ्या वर्षांची सगळी चढण फुकट.

नाव पाठवायचं होतं सर्जेराव सरांनी. सर लोणी भापकरहून स्कूटीवर यायचे. निवृत्तीला आलेले. शाळेतली सगळी नको असलेली कामं त्यांच्याकडं होती आणि स्काऊट हे त्यातलं त्यांना हवं असलेलं एकच. त्यांच्या पथकातलं कुणी राष्ट्रपतीपर्यंत पोचलं नव्हतं. तरी त्यांनी अविराजला सोपं केलं नाही. म्हणाले, "नाव पाठवतो. पण आधी एक पदभ्रमंती कर. माळेगावातून कालव्याच्या कडेनं सणसरपर्यंत. चालत. कुणी गाडीवर बस म्हटलं तर बसायचं नाही. कुणाच्या घरचं खायचं नाही. शिधा आपला, आणि तोही भांड्याशिवाय शिजवायचा. पाणी कुणाचंही चालेल."

"बघायला कोण येणार, सर?" मी विचारलं.

"कुणी नाही. म्हणून तर पाठवतोय. आल्यावर मला खरं सांगायचं, एवढंच." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "एकट्यानं जायचं नसतं. तू जा बरोबर."

ह्याला म्हणतात आगाऊपणाचं फळ.

आता अडचण आली अविराजच्या आईची. विजयमालाकाकूंनी अट घातली, की पोरं उघड्यावर झोपणार नाहीत, सणसरच्या अलीकडं छबूबाईंची वस्ती आहे, तिथं झोपतील. छबूबाई म्हणजे अविराजची आत्या. सरांनी मधला मार्ग काढला: तंबू आत्याच्या अंगणात, जेवण मात्र आपलं. काकूंनी मान डोलावली आणि सर गेल्या-गेल्या आत्याला फोन लावला. आमच्याकडं कुणाच्या अंगणात जायचं तर आधी कळवावं लागतं. हीच पहिली चूक झाली, पण चूक म्हणून ती कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं.

दिवाळी नुकतीच झालेली. साखर कारखाना सुरू होता आणि सगळ्या गावाला मळीचा वास येत होता. आम्ही उजाडताच निघालो. स्काऊटचा गणवेश, गळ्यात स्कार्फ, पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. पाहणाऱ्याला वाटावं, एक तर हे हरवलेत, नाहीतर पळालेत.

आमच्या भागात आता कुणी चालत नाही हे मला त्या दिवशी कळलं. शेजारच्या वस्तीवर मीठ-मिरची आणायला जायचं तरी माणूस गाडी काढतो. त्यामुळं चालणारा दिसला की त्याच्यावर काहीतरी संकट आलंय असं धरून चालतात. ऊस घेऊन निघालेला ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं.

"गाडी बंद पडली व्हय?"

"न्हाय. चालत चाललोय," अविराज म्हणाला.

"का?"

ह्या 'का'ला लहान उत्तर नव्हतं. अविराजनं स्काऊटपासून सुरुवात केली. ड्रायव्हरनं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "बरं. बस मागं, बारामतीपतोर सोडतो."

असे किती थांबले ते सांगत नाही. चालण्यापेक्षा समजावून सांगण्यात जास्त दम गेला. बारामतीच्या अलीकडं अविराजचे लांबचे चुलते विशालतात्या बुलेटवर आडवे आले. त्यांनी गाडी बंद केली, आमच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि अविराजच्या खांद्यावर हात ठेवला.

"आबा काय बोलला का?"

"न्हाय तात्या."

"बोलला आसंल तर मनाव घ्यायचं न्हाय. बापच हाय. चल, बस, घरी सोडतो."

"तात्या, मी पळून न्हाय चाललो."

"पळून जाणारा कधी म्हणतो का, पळून चाललोय?"

तात्यांनी तिथूनच फोन लावला. आबासाहेब उसाला पाणी देत होते. फोनचा आवाज मोठा होता, आम्हालाही ऐकू आलं.

"पळून? चालत?" आबासाहेब म्हणाले. "मग लांब न्हाय जायचा. येऊ दे."

बारामती ओलांडली आणि ऊन चढलं. कालव्याच्या कडेला सावली असते, पण ती नेहमी पलीकडच्या काठाला. माझ्या टाचेला फोड आला. अविराजच्या दोन्ही टाचांना आला, पण त्याचं म्हणणं, दोन्हीकडं आला की चाल सारखी पडते. एका बाभळीखाली कुशाबाई नावाची म्हातारी पेरूची पाटी घेऊन बसली होती. आम्ही तिच्याकडं पाणी मागितलं. तिनं पाणी दिलं आणि मोठे पेरू निवडून पुढं केले.

"न्हाय मावशी, नको."

"आरं इकत न्हाय, देतीया."

"तसं न्हाय. आज कुणाचं खायचं न्हाय."

म्हातारीचा हात तसाच राहिला. "माझ्या हातचं पानी चालतं, पेरू चालत न्हाय?"

अविराज तिच्यापुढं खाली बसला. स्काऊट, राष्ट्रपती, सर, अट, सगळं परत सांगितलं. कुशाबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "राष्ट्रपती तुला काय देनार?"

"सर्टिफिकेट."

"आन?"

"बिल्ला."

"आन?"

म्हातारीनं पेरू पाटीत परत ठेवले, एकेक करून, आणि तोंड फिरवलं. तिला पटलं नव्हतं. फोडाचं दुखणं निदान फोडाजागी राहतं.

आत्याच्या वस्तीवर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. आणि इथं छबूबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांचे मालक भादव्यात गेले होते. मुलगा पुण्याला कंपनीत, सून तिकडंच. वस्तीवर आत्या, दोन म्हशी आणि डाळिंबाची बाग. मालक गेल्यापासून आत्यांनी संध्याकाळची चूल पेटवली नव्हती. सकाळी चार घास खायच्या, संध्याकाळी चहात बिस्कीट बुडवायच्या आणि पडायच्या. एकटीसाठी कशाला, म्हणायच्या. विजयमालाकाकू फोनवर रोज विचारायच्या, आत्या रोज "जेवले" म्हणायच्या, आणि दोघींनाही ते खोटं आहे हे माहीत होतं.

त्या दिवशी मात्र चूल पेटली होती. अंगणात शिरताच वांग्याचा वास आला. आत्यांनी बाजरीच्या भाकरी थापल्या होत्या, वांगं केलं होतं, खर्डा वाटला होता, दही विरजलं होतं. तीन ताटं मांडली होती. भाचा येणार म्हणून.

अविराज दारातच थांबला.

"आत्या, मला खाता येत न्हाय."

"पोट बिघडलं?"

"न्हाय." आणि त्यानं त्या दिवशी परत एकदा सगळं सांगितलं. ह्या वेळी आवाज अगदी खाली गेला होता.

आत्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं." पदर सावरला आणि ताटं उचलायला लागल्या. तिन्ही.

"तुमी तर जेवा."

"न्हाय मला भूक. तुज्यासाठनं केलं हुतं. म्हशीला घालते."

मी अविराजला कोपरानं ढोसलं. हळूच म्हटलं, "खा की. सर काय इथं बघायला आलेत?" त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पिशवी उतरवली, अंगणात तीन दगड मांडले आणि काटक्या गोळा करायला लागला.

भांड्याशिवाय स्वयंपाक म्हणजे काय, ते ज्यानं खाल्लंय त्याला विचारा. बटाट्याला ओला चिखल थापून जाळात टाकायचा, चिखल फुटला की बटाटा शिजला असं मानायचं. कणकेची वळकटी काठीला गुंडाळून जाळावर धरायची; ती बाहेरून काळी होते, आतून कच्ची राहते, आणि मधला एक पातळ पापुद्रा खाण्यासारखा असतो. आत्या उंबऱ्यावर बसून बघत होत्या.

"भांडी न्हाईत व्हय तुमच्या घरी? वैनीनं काढून घेतली का?"

"भांड्याशिवाय करायचं आसतं, आत्या."

"कोण म्हनतं?"

"सर."

"सराला बायको न्हाय का?"

चिखल फुटला. अविराजनं पहिला बटाटा पळसाच्या पानावर ठेवला आणि आत्यापुढं नेला. "आत्या, आज तुमी माझ्या पाव्हण्या. माझ्या हातचं खा."

आत्यांनी पानाकडं पाहिलं, भाच्याच्या काळ्या हातांकडं पाहिलं. बटाटा फोडला, तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"आसलं राष्ट्रपती खातो व्हय?" म्हणाल्या. पण दुसरा तुकडा घेतला. मग, "आळनी हाय रं."

मीठ विसरलं होतं. शिध्याची पिशवी मी भरली होती, हे इथं सांगायची खरं म्हणजे गरज नाही. आत्या उठून आत गेल्या, मुठीत मीठ घेऊन आल्या, आपल्या बटाट्यावर टाकलं आणि त्याच हातानं, आम्ही काही म्हणायच्या आत, अविराजच्या आणि माझ्या पानावरही भुरभुरलं. बोटं झटकली. खाली बसल्या आणि परत खायला लागल्या.

अविराजच्या हातात बटाटा होता. मी त्याच्याकडं पाहिलं. त्याला कळलं होतं. त्यानं तो खाली ठेवला असता तर आत्यांचा हातही थांबला असता, कित्येक दिवसांनी संध्याकाळचे चार घास तोंडात घालणारा. तो क्षणभर थांबला आणि बटाटा खाल्ला. आत्यांनी दोन बटाटे संपवले. कणकेची वळकटी मात्र म्हशीनंही खाल्ली नाही.

सकाळी एसटीनं परत निघालो. येताना चालायची अट नव्हती. खिडकीला डोकं टेकून अविराज म्हणाला, "मिठाचं सांगायला लागंल."

"मिठाचं काय सांगायचं? मीठ कुणी जेवतं का?"

"घरातनं आणलं हुतं."

"आरं, चिमूटभर."

"व्हय, चिमूटभर," तो म्हणाला आणि झोपला. बारामतीपर्यंत झोपला. मी जागा राहिलो, कारण त्यानं सांगितलं तर काय होणार ते मला दिसत होतं आणि माझी टाच ठणकत होती.

सोमवारी सर शाळेच्या फाटकात स्कूटीला किक मारत होते आणि ती सुरू होत नव्हती. अविराजनं तिथंच सांगितलं, सगळं. आत्या, तीन ताटं, बटाटा, मीठ.

सरांनी किक मारायचं थांबवलं. "मी मिठाबिठाचं विचारणारच नव्हतो," ते म्हणाले.

"सर, मीठ म्हणजे काय जेवण—" मी सुरू केलं.

"संदेश, तुला विचारलं नाही." मग अविराजला, "खायच्या आधी तुला माहीत होतं?"

"व्हय सर. म्हाईत हुतं."

सर स्कूटीच्या सीटवर बसले. खूप दमलेले दिसले. माझ्यापेक्षा, अविराजपेक्षाही. इतक्या वर्षांत एक पोरगं इथवर आलं होतं आणि ते स्वतःच्या पायानं येऊन सांगत होतं, की मी अट मोडली.

"चुकीचं केलं नाहीस," सर शेवटी म्हणाले. "पण आता ऐकलंय, तर न ऐकल्यासारखं कसं करू? तूच सांग."

"परत जातो, सर."

"शनिवारी जा. त्यानंतर नावं पाठवायची मुदत संपते." त्यांनी पुन्हा किक मारली. "संदेश, तूही."

घरी आबासाहेबांना कळलं तेव्हा ते भाकरी खात होते. "मिठासाठनं?" त्यांनी विचारलं. जरा विचार केला. "आरं, मग मीठ न्यायचं हुतं की."

आमच्या भागात बातमीला पाय लागत नाहीत, तिला फोन असतो. शनिवारी आम्ही निघालो तेव्हा माळेगावपासून सणसरपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं, की आबासाहेबाच्या पोराला चिमूटभर मिठानं परत चालायला लावलंय, आणि ह्याला आता कुणी काही दिलं तर तिसऱ्यांदा चालावं लागेल. मग लोकांनी आपल्या परीनं मदत केली. ट्रॅक्टरवाले थांबले नाहीत. शेजारून जाताना समोर बघत गेले, मान ताठ करून, जणू रस्त्यावर कुणीच नाही. विशालतात्या बुलेटवर आले, वेग कमी केला आणि पुढं बघतच म्हणाले, "मी तुला बघितलं न्हाय." गेले. एका वस्तीवर बाई घोंगडी वाळत घालत होती. तिच्या लहान पोरीनं आम्हाला हात केला, तर बाईनं तो खाली ओढला.

पहिल्या खेपेला समजावून सांगता सांगता दमलो होतो. ह्या खेपेला गप्प राहून दमलो. टाचेचा जुना फोड नव्यानं फुटला. मुलुखात आपल्या ओळखीचं सगळं असावं आणि कुणी हाक मारू नये, हे चालायला फार जड जातं. कुशाबाई बाभळीखाली होती. आम्हाला लांबून येताना पाहून तिनं पाटीवर पदर टाकला आणि तांब्या भरून रस्त्याच्या कडेला ठेवला. स्वतः पाठ करून बसली. आम्ही पाणी प्यालो. अविराजनं तांब्या उपडा ठेवला आणि म्हणाला, "येतो मावशी."

"कोन हाय तितं?" ती वळल्याशिवाय म्हणाली. "मला काय दिसत न्हाय बाबा."

आता राहिली आत्याची वस्ती. शेवटच्या वळणावर अविराज पहिल्यांदाच रस्त्यात खाली बसला. पायासाठी नाही. म्हणाला, "परत ताटं मांडली आसतील तर?"

मीही शेजारी बसलो. मग तो उठला.

अंगणात ताटं नव्हती. तीन दगड मात्र मांडलेले होते, मागच्याच जागी, आणि शेजारी काटक्यांची मोळी. आत्या घरात होत्या. बाहेर आल्या नाहीत, या म्हणाल्या नाहीत. अविराजनं जाळ केला, बटाट्यांना चिखल थापला. मीठ ह्या वेळी त्यानं आईकडून घेऊन खिशातच ठेवलं होतं. माझ्यावर विश्वास नव्हता.

आमचे बटाटे निघाले तेव्हा आत्या उंबऱ्यावर आल्या. हातात ताट होतं. एकच. त्यात भाकरी, कसलीतरी पालेभाजी, कांदा. त्या उंबऱ्यावर बसल्या, ताट मांडीवर घेतलं.

"तू तुजं खा. मी माजं खाते," म्हणाल्या. "संगट बसायला तर तुज्या सराची बंदी न्हाय ना?"

"न्हाय, आत्या."

"मग बस."

त्यांनी भाकरी मोडली. एकटीसाठी संध्याकाळची चूल पेटवून केलेली पहिली भाकरी होती ती, आणि थोडी करपली होती. अविराज अंगणात, त्या उंबऱ्यावर. मध्ये जेमतेम एका माणसाला आडवं पडता येईल एवढी जागा. दोघंही खूप सावकाश जेवले. कुणी कुणाला काही वाढलं नाही. आत्यांनी एकदा विचारलं, "मीठ हाय का?" अविराजनं खिशावर हात मारला.

नाव गेलं. शिबिर झालं. पास झाला. प्रमाणपत्र यायला इतका काळ लोटला, की तोवर सर निवृत्त होऊन लोणी भापकरला शेळ्या पाळायला लागले होते. अविराज ते घेऊन तिकडं गेला. स्काऊट डाव्या हातानं हात मिळवतात, तसा त्यांनी मिळवला. सरांच्या शेजाऱ्यानं विचारलं, डावा हात कशाला? सर म्हणाले, उजवा शेणाचा आहे.

प्रमाणपत्रानं नोकरी मिळाली नाही. डेअरीत ते कुणी मागितलंही नाही. सुट्टीच्या दिवशी अविराज मोटारसायकल काढतो आणि सणसरच्या रस्त्याला लागतो. आत्याच्या ओसरीवर जाऊन पडतो आणि संध्याकाळपर्यंत झोपतो. त्या त्याला उठवत नाहीत. चूल पेटवतात, दोघांचं करतात, आणि ताटं मांडून, तो आपोआप उठेपर्यंत, जेवायच्या थांबतात.